नाल्याची ओटी

मी एकदा मेलेल्या नाल्याची ओटी भरली आहे. खण, नारळ, हळदकुंकू, ओंजळभर तांदूळ, सगळं अगदी साग्रसंगीत. वर आळीतल्या बायका गोळा करून त्याचंच पाणी त्यांना तीर्थ म्हणून पाजलं. नागपूर जिल्ह्यात असा पराक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर असल्याचं मी ऐकलेलं नाही, म्हणून आधी तो कबूल करून टाकते. गेल्या महिन्यात नागपूरच्या मनीषनगरहून धाकट्या मुलाचा फोन आला, "आई, मोठी आई गेली." फोन कानाशी तसाच राहिला आणि मला आधी आठवलं ते तिचं तोंड नाही, ते पाणी... निळसर, आरशासारखं, तळापर्यंत स्वच्छ.

सुभद्राबाई माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि नागपूर मध्यप्रांताची राजधानी. मी पारशिवनीच्या किराणा दुकानदाराची लाडावलेली पोर. अक्कल बेताची, नखरा भरपूर. आमच्या घरी पाणी दोनपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावत नसत. सासर सावनेरच्या पलीकडे, नाल्याकाठचं गाव. अख्खं गाव नाल्याचंच पाणी प्यायचं. पहिल्याच सकाळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, भरायला वाकले तर पाण्यातून एक बेडूक माझ्याकडे पाहत होता. मी गुंड तिथंच टाकून किंचाळत वर आले. सुभद्राबाई काठावर बसून हसली, "काहून वं, तो काय तुले मागणी घालून राहिला?" तेव्हापासून बेडूक दिसला की ती मला म्हणायची, "पाह्य, तुले विचारून राहिला."

ती नागपुरात मामाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकली होती. तिथल्या एका बाईंनी पोरींना ओढ्यावर नेऊन दगड उलटायला शिकवलं होतं आणि ते खूळ हिच्या डोक्यातून सासरी येऊनही गेलं नाही. रोज सकाळी पाणी भरायच्या आधी ती पदर खोचून नाल्यात उतरायची, एकेक दगड उचलून त्याखालचं पाणी तामचिनीच्या पांढऱ्या थाळीत घ्यायची आणि थाळी उन्हात धरून पाहायची. पांढऱ्यावर सगळं वळवळताना दिसे. चतुराची पिल्लं, काचेसारखे झिंगे, वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधणारी अळी. मला शिसारी यायची आणि ती मात्र नातलगांकडे जाऊन आल्यासारखी खबर द्यायची. एका जाड्या खेकडीला तिनं आमच्या सासूबाईंचं नाव ठेवलं होतं. "आज बुढी घरी नोहोती. माहेरी गेली वाटते." आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसायचो. पाहणं झालं, सगळे जागेवर असले, की मगच ती म्हणायची, "भर आता."

मला दिवस गेले ते मी नवऱ्याच्या आधी तिला सांगितलं. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पदरी मूल नव्हतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता दोन येळा पाहीन." सकाळी पाहायचीच, आता दिवस कलतानाही थाळी घेऊन जाऊ लागली.

त्याच सुमारास गावाच्या वरच्या अंगाला कोळशाची खाण सुरू झाली. खाणीत साठलेलं पाणी उपसून नाल्यात सोडत. घरोघरचे गडी तिथं कामाला लागले, घरात नवे कपडे आले, सगळे खूश. एक दिवस सुभद्राबाई म्हणाली, "अळ्या दिसून नाही राहिल्या." मी म्हटलं, बरं झालं. मग झिंगे गेले. मग गोगलगायी, नुसते रिकामे शंख उरले. बुढी तर माहेराहून परत आलीच नाही. सुभद्राबाई रोज जेवताना ही खबर सांगायची आणि रोज कुणीतरी विषय बदलायचं. मामंजी एकदाच बोलले, "किडे गेले तर चांगलंच झालं ना. त्याचं काय सुतक पाळतं?"

आणि नाला दिसायला लागला देखणा. एरवी नवरात्रापर्यंत गढूळ असणारं पाणी त्या वर्षी पोळा झाल्यावरच निवळलं. शेवाळ नाही, घाण नाही, तळाचे दगड मोजून घ्या. त्यांच्यावर गेरूसारखा लालसर थर बसत चालला होता. मला वाटलं, अंगणात सडा घालून गेरू लावावा तसा देवीनं तळ सारवला. पितळेचा गुंड चिंच न लावता लखलखू लागला. पाण्याला किंचित आंबटसर चव होती, तीही मला आवडायची; डोहाळ्याचं तोंड माझं. आळीत मीच सांगत सुटले, माझा पायगुण आहे, पोटातल्या बाळाचा गुण आहे, पाणमाता प्रसन्न झाली. नवरात्रात तिची ओटी भरायची ठरली. एवढी हुशार सून मिळाली म्हणून सासूबाई माझ्याकडे पाहून पाहून नाक वर करत होत्या, आणि मी त्यांच्याहून वर.

ओटीच्या दिवशी सुभद्राबाई आली, पण काठावरच उभी राहिली. पाण्यात पाय घातला नाही. आमची गाणी संपली तशी म्हणाली, "शांते, जराशीक ऐक."

"काय ऐकू?"

"तेच तं. काहीच वाजून नाही राहिलं."

खरंच काही वाजत नव्हतं. ऐन अश्विनात एक बेडूक नाही, पाण्यावर भिरभिरणारा चतुर नाही, काठाला बगळा नाही. एवढं चकचकीत पाणी वाहत होतं आणि त्याच्याकडे प्यायला कुणी येत नव्हतं, आमच्याशिवाय. माझ्या अंगावर काटा आला. पण मी ओटीची मानकरी, हिरवं लुगडं नेसलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. काट्याकडे कोण लक्ष देतं. बायकांना तीर्थ पाजून मी लोटा तोंडाला लावला. दुसरा भरला तेव्हा तिनं खाली उतरून तो माझ्या हातातून उडवला.

लोटा दगडावर आपटून वाजला. तेवढाच काय तो त्या नाल्यावरचा आवाज. आणि मी, सगळ्यांसमोर, मोठ्या जावेला म्हणाले, "तुमची कूस रिकामी आहे, म्हणून तुम्हाले सगळंच रिकामं दिसते."

तिनं लोटा उचलला, पुसला, सासूबाईंच्या हातात दिला आणि घरी गेली. त्यानंतर सासूबाईंनी तिला माझ्याशी बोलायची बंदी केली. माझ्यासाठी नाल्यावरून पाणी मीच आणायचे, ऐटीत.

दिवाळीच्या आत गोठ्यातलं वासरू गेलं. दोन घरांत पोरं ढाळ वांत्यांनी आडवी पडली. माझ्या पोटात जळजळ सुरू झाली, ती डोहाळ्याची म्हणून मी आणखी पाणी प्यायले; थंडगार, स्वच्छ. सातव्या महिन्यात मी खाट धरली आणि बाळ गेलं. मुलगी होती. त्या पाण्यानंच गेली असं कोणी वैद्य म्हणाला नाही, म्हणून मीही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की मी तिला पोटात घेऊन त्या ओटीला मिरवले होते.

पुढं गाव शेतातल्या विहिरीवर जाऊ लागलं. नाला आजही वाहतो, दगड आजही लाल आहेत. माझी नंतरची दोन्ही मुलं सुभद्राबाईनं वाढवली आणि म्हातारपणी ती धाकट्याकडे मनीषनगरला राहिली. तिथं स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला तिची थाळी असे, कड उडालेली, मधे अजून पांढरी. मशीनमधून गाळलेलं पाणी ती थाळीत ओतायची, खिडकीशी धरायची. सून विचारायची, काय पाहता? तर म्हणायची, "कोण राहते ते पाहतो." मग नाइलाजानं प्यायची. तेराव्याला गेले तेव्हा थाळी तिथंच होती, पालथी घातलेली. मी ती सुलटी केली, नळाखाली धरली आणि खिडकीपाशी नेली. थाळीत काहीच नव्हतं. आणि मला ती खाट आठवली.

बाळाला पुरून पुरुष माणसं परतली होती. घशाला कोरड पडली होती, पण कुणी पाणी पुढं केलं की मी तोंड फिरवत होते. तशी सुभद्राबाई आत आली. बंदी कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. शेतातल्या विहिरीवरून एकटी चालत आली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत ती थाळी. खाटेवर टेकली, माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं, लोटा ओठांशी धरला आणि म्हणाली, "पे वं शांते, भेऊ नको. मी पाहून आली. याच्यात बेडूक आहे."