एकोणऐंशीचा पूल

माझा मामा डोंबिवलीत, कोपरला राहतो. निवृत्त होईपर्यंत तो ड्राफ्ट्समन होता. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे रस्ते आणि गटारं कागदावर काढली. निवृत्तीनंतर त्याला एका जुन्या कॉम्प्युटर गेमचा नाद लागला, आणि तो मीच लावला. गेम साधारण माझ्याच वयाचा. त्यात गावकरी लाकडं तोडतात, शेती करतात, त्यातून सैन्य उभं राहतं आणि ते शेजाऱ्यावर चाल करून जातं. मामाला लढाईत फार रस नव्हता. नकाशा स्वतः बनवता येतो हे कळल्यावर मात्र तो खुर्चीत सरसावून बसला.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि शनिवारी मामाकडे जाते. मला लोकांशी बोलायला जमत नाही. मामाशी जमायचं, कारण आम्ही दोघंही बोलताना स्क्रीनकडे बघत असायचो.

मामाने ठरवलं की ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा सगळा मुलूख नकाशावर आणायचा. गेम परवानगी देईल तेवढा सगळ्यात मोठा नकाशा. चार ग्राफपेपर चिकटपट्टीने जोडून त्याने पेन्सिलीने खाडी काढली, तिच्यावर पूल काढला, डोंगर काढले, शीळफाट्याला चौकी काढली. कॉम्प्युटरवर मांडणं माझ्याकडे होतं. फोटोत पेन्सिल उमटेना, म्हणून तो रोज संध्याकाळी फोन करून चौकटींचे आकडे सांगायचा. आडवे बासष्ट, उभे एकशे चार, झाड. आडवे त्रेसष्ट, उभे एकशे चार, झाड. मी हं हं म्हणत टाईप करायची.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एका साखरपुड्यात मामाने चारचौघांत माझं कौतुक केलेलं, की ही इंग्लिश मीडियमची असून हिला मराठी आकडे सगळे कळतात, नाहीतर हल्लीच्या मुलांना अडुसष्ट म्हटलं की तोंडाकडे बघत बसतात. कोणीतरी लगेच एक आकडा विचारला, तो मी सांगितला आणि मान खाली घालून जिलबी खात राहिले. खरं तर मला पन्नासपर्यंत येतं. पुढे धुकं आहे. बासष्ट, त्रेसष्ट मी शेपटावरून आणि तोंडावरून जुळवते. पण ते एकोणवाले आकडे आले की मी माझा नियम लावायचे: एकोणऐंशीत ऐंशी ऐकू येतं, एकोण म्हणजे नऊचं काहीतरी, म्हणजे एटी-नाइन. एकोणतीस, एकोणचाळीस लहानपणापासून पाठ होते, म्हणून ते या नियमात बसतात का हे मी कधी पाहिलंच नाही. नियम मला इतका पटलेला की कधी कोणाला विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तर साखरपुड्यातलं कौतुक खोटं पडलं असतं.

दोन महिन्यांनी नकाशा तयार झाला. पहिली पंधरा मिनिटं छान गेली. ठाणं आमचं, कल्याण कॉम्प्युटरचं. मग कल्याणचं सैन्य जमलं आणि गेम जड झाला. सैनिक ओल्या सिमेंटमधून चालल्यासारखे चालायला लागले, माऊसचा बाण हात हलवल्यावर दोन सेकंदांनी हलू लागला, आणि शेवटी सगळं जागच्या जागी थिजलं. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्यालाही.

आम्ही सगळे उपाय केले. गेमला जुन्या विंडोजचा भास करून दिला. रंग कमी केले. अँटिव्हायरस बंद केला. मामीने टेबलफॅन लॅपटॉपकडे वळवला आणि त्यालाही जरा वारा लागू दे म्हणाली. ओझं हलकं करायला मी येऊरच्या डोंगरावरची अर्धी झाडं काढली, तर मामा दुखावला. बाहेर तोडतायत तेवढी पुरे नाहीत का, असं त्याचं म्हणणं.

शेवटी मी एका फोरमवर प्रश्न टाकला. जुन्या गेमांची सेवा करणारे लोक असतात तिथे. एकाने लिहिलं की एवढ्या मोठ्या नकाशात सैन्याला वाटच सापडली नाही, तर प्रत्येक सैनिक वाट शोधायला पुन्हा पुन्हा सगळा नकाशा पालथा घालतो आणि गेमचा दम संपतो. कुठे रस्ता तुटलाय का बघा.

मामाने ग्राफपेपर पसरला, भिंग घेतलं आणि स्क्रीनशी ताडून पाहू लागला. कोपरच्या बाजूचा खाडीवरचा पूल कागदावर काठाला टेकत होता. स्क्रीनवर तो दहा चौकटी पुढे, खाडी रुंद होते तिथे होता, दोन्ही टोकांनी पाण्यात. कल्याणचे दोनशे सैनिक काठावर उभं राहून त्याच्याकडे बघत होते.

मामाने भिंग खाली ठेवलं. कागदावर एकोणऐंशी आहे, म्हणाला, वाचताना मी एकोणनव्वद वाचलं असणार. आवाज एकदम बारीक झालेला. त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे, मग माणसं. त्याने ग्राफपेपरची घडी घातली आणि कपाटावर टाकली.

मला तिथेच कळलं होतं. मी चहा संपवला, कप विसळला आणि ठाण्याला निघून आले.

बुधवारी मामीचा फोन आला. मामाने शब्दकोडं सोडवणं बंद केलं होतं, दुधाची पिशवी आणायला जाताना चिठ्ठी नेत होता आणि मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची अपॉइंटमेंट घेतली होती. तू शनिवारी ये, तेवढंच बरं वाटेल त्याला, म्हणाली.

शनिवारी मी गेले तेव्हा लॅपटॉप बंद होता आणि बघायला स्क्रीन नव्हती. मी टेबलफॅनकडे बघून विचारलं, "मामा, एकोणऐंशी म्हणजे एटी-नाइन ना?"

"काय?"

"मी एटी-नाइन टाकलं. तू बरोबरच वाचलेलंस. मला पन्नासच्या पुढचं येत नाही."

मामाने खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणि त्या साखरपुड्यात?"

"तेव्हा कोणीतरी पंचवीस विचारलेलं."

स्वयंपाकघरातून मामी म्हणाली, "अपॉइंटमेंट तशीच राहू दे. दोघंही जाऊन या."

मामा आधी चिडला. रीतसर चिडला, आठवडाभर तो चिठ्ठ्या घेऊन फिरत होता आणि मी ठाण्यात बसून गप्प होते, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. ते खरंच होतं, मी ऐकून घेतलं. मग त्याने कपाटावरून कागद काढला आणि विचारलं की आणखी कुठे कुठे एकोण होतं. बऱ्याच ठिकाणी होतं. शीळफाट्याची चौकी डोंगराच्या पोटात निघाली, एक विहीर खाडीच्या मधोमध. विहीर बघून त्याला हसू आवरेना. पाण्यात विहीर, असं मामीला हाक मारून सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारभर आम्ही दुरुस्त्या केल्या. मी म्हटलं, सेव्हन-नाइन असं सांग ना सरळ. ऐकला नाही. तो एकोणऐंशी म्हणायचा आणि मी सेव्हन्टी-नाइन म्हणेपर्यंत पेन्सिल धरून थांबायचा.

मग गेम सुरू केला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. कल्याणचं सैन्य जमलं, काठावर आलं आणि न अडखळता पूल ओलांडायला लागलं. हत्ती, घोडे, सगळे. त्यांना अडवायला आमच्याकडे काहीच नव्हतं, कारण सैन्य अलीकडे येईल असा विचारच आम्ही कधी केला नव्हता. वर्तकनगर दहा मिनिटांत जळालं. मी माऊस सोडून दिला.

मामा खुर्चीत पुढे झुकून बघत होता.

"बघ," तो म्हणाला, "एवढे हत्ती गेले, पण पूल कुठे हललाय का?"