मागची काच

"माँ ने बचा लिया," असं कुणी म्हणालं की कितीतरी दिवस माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला आणि पोरीला वाचवलं, मग यांना का नाही? देवीशी मी बोलणंच टाकलं होतं. ते घडलं त्या वर्षी रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, यांना बढती मिळाली आणि आम्ही पहिली गाडी घेतली. बटणानं काचा वरखाली होतात याचं काय कौतुक होतं आम्हाला!

चैत्र नवरात्र संपत आलं होतं. जवारा विसर्जनाची मिरवणूक तलावाकडे निघाली होती. देवीपुढे वाढवलेले गव्हाचे कोंब डोक्यावर घेतलेल्या बायका, आणि पुढे गालात बाना, म्हणजे टोकदार लोखंडी सळई, टोचून घेतलेले भक्त. रस्ता अडला म्हणून यांनी गाडी तलावाच्या कडेनं वळवली आणि चाक घसरलं. गाडी तोंडावर पाण्यात गेली. दारं पाण्याच्या दाबानं हलेनात, बटणं बंद पडली. हे दोन्ही टाचांनी समोरची काच हाणू लागले. काचेवर जाळं पसरलं, पण ती सुटेना. पुढं दिरांनी समजावलं, की समोरची काच दुपदरी असते, मधे प्लास्टिकचा पडदा. धडकेत माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून ती तडकते, पण जागा सोडत नाही. बाजूच्या काचेचा मात्र टोकदार घावानं चुरा होतो. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी समोर बघत देवीला एवढंच म्हणत होते, ही फुटू दे.

तेवढ्यात मागच्या खिडकीशी कुणीतरी पोहत आलं. गालातून रक्त वाहत होतं, हातात उपसलेला बाना. त्यानं काचेच्या कोपऱ्यात टोक हाणलं आणि अख्खी काच साबुदाण्यासारखी आत सांडली. पाठोपाठ पाणी घुसलं.

"दीदी, नोनी ला दे," तो म्हणाला. नोनी म्हणजे मुलगी. आमची पोर मागच्या सीटवर उभी होती.

यांनी मला पाठीला हात लावून सीटवरून मागं ढकललं. "पोट्टीले दे पहिले. तू बी निघ, मी येतो मांगून."

ते आले नाहीत.

पोर अजून विचारते, "आई, बाबा क्यों नहीं निकले?" मी सांगते, त्यांनी आपल्याला आधी काढलं. हे पुन्हा पुन्हा सांगताना माझा राग कधी निवला ते कळलं नाही. मी मागितलेली काच फुटली नाही, दुसरीच फुटली. आता कुठून वाचव, कसं वाचव, हे मी देवीला सांगत बसत नाही. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, म्हणून जवाऱ्याच्या दिवशी बाना घेतलेल्या प्रत्येकाच्या पाया पडते. वाकले की पाठीवर यांचा हात जाणवतो, ढकलणारा.