घायपाताची फळी

सोनईत बातमी उठली ती अशी, की शांतवन मिस्तरींनी स्वतःची पेटी स्वतःच करून ठेवलीय.

पेटी म्हणजे शवपेटी. आसपासच्या ख्रिस्ती घरांतल्या माणसांची शेवटची पेटी शांतवन पारख्यांच्याच रंध्याखालून जायची, त्यामुळे बातमी खोटी ठरवायला कुणाला सवडच मिळाली नाही. शेजारच्या बनुबाईंनी शेडच्या फटीतून पाहिलं होतं: पुरुषभर उंचीहून लांब, एका टोकाला निमुळती अशी वस्तू दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली, आणि मिस्तरी तिच्यावरून हात फिरवतायत. पाळण्यावरून फिरवावा तसा.

"लई मायेनं फिरवीत हुते गं," बनुबाईंनी गिरणीवर सांगितलं. "मानसाला आधी कळतं."

दळण घरी पोचेपर्यंत मिस्तरींना साखर झाली, साखरेचं छातीत पाणी झालं आणि नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले. संध्याकाळी पाळकसाहेब बायबल काखेत मारून दारात उभे.

"सलाम, पाळकसाहेब. कोन गेलं?" मिस्तरींनी मापाची पट्टी हातात घेत विचारलं.

"अजून कुणी नाही," पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "पण प्रार्थना आधी केलेली बरी."

खरी गोष्ट अशी, की ती पेटी नव्हती. समुद्राच्या लाटेवर उभं राहून घसरत जायची फळी होती ती. सर्फबोर्ड. आणि समुद्र मिस्तरींनी जन्मात एकदाच पाहिला होता, तोही लग्नाच्या बसच्या खिडकीतून, अर्धवट झोपेत.

मग हा उद्योग कशासाठी? नॅथनसाठी. नॅथन त्यांचा एकुलता एक. तो गोव्याकडे फळ्या बनवायच्या एका कारखान्यात कामाला होता. नाताळाला घरी आला तो खोकला घेऊन. तिथं फोमचा ठोकळा तासायचा, त्यावर काचेचं कापड चढवायचं, रेझिन ओतायचं आणि वाळलं की घासायचं. घासताना जी भुकटी उडते ती दिवसभर नाकातोंडात. नाताळाच्या रात्री त्यानं खोकत खोकत केक कापला, आणि त्याची आई ग्लोरियाबाई ताटलीकडे न बघता नवऱ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याचा अर्थ मिस्तरींना कळायचा. पोराला परत जाऊ देऊ नका, एवढाच तो अर्थ.

आता मिस्तरींचं बोलणं म्हणजे खिळा ठोकणं. एकेक शब्द हातोडीनं बसवायचा, मध्ये थांबून खिळा सरळ गेला का ते बघायचं, मग पुढचा.

"नॅथन. हितंच. ऱ्हा."

"आणि करू काय, पप्पा? पेट्या?"

"फळ्याच कर की. लाकडाच्या."

नॅथन हसला. हसण्यातनं खोकला निघाला. "लाकडाची फळी कोण उचलणार? फोम तीन बोटांवर उचलतो माणूस. तुमच्या सागाच्या फळीला चार माणसं लागतील, तेवढी पेटीला लागतात."

हे मिस्तरींना लागलं. पण लागलेलं दाखवायची त्यांची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी ते पाथर्डीकडे गेले आणि तिथल्या माळावरच्या बांधावरनं घायपाताचे वाळके दांडे घेऊन आले. घायपाताला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, त्याचा बांबूसारखा उंच दांडा उभा राहतो आणि झाड मरतं. दांडा वाळला की आत नुसता भुसभुशीत गर. मिस्तरी लहान असताना असल्याच दांड्यांचा भारा पोटाला बांधून विहिरीत पोहायला शिकले होते.

बापलेकाचं ठरलं. धरणाचं जानेवारीचं आवर्तन सुटलं की पाटाला पाणी येणार. त्या पाण्यात फळीनं नॅथनला उभं धरलं तर तो इथंच राहील. नाही धरलं तर त्यानं गाडी पकडावी आणि ग्लोरियाबाईनंही काही बोलू नये.

मग शेडमध्ये दोन राज्यं झाली. एका कोपऱ्यात मिस्तरी दांडे उभे चिरून, रंधून, एकाला एक जोडतायत. दुसऱ्या कोपऱ्यात नॅथन बरोबर आणलेल्या फोमच्या फळीची भेग रेझिननं बुजवतोय.

"तुझा तो साबन लई दिवस टिकंल का रं?"

"साबण नाही, फोम. आणि तुमचा झाडू टिकंल का?"

"झाडू न्हाई. घायपात हाय."

घायपाताच्या भुशानं मिस्तरींचे हात खाजत होते, काचेच्या भुकटीनं नॅथनचे. जेवायला बसल्यावर दोघंही कोपरापासून मनगटापर्यंत खाजवत, आणि विचारलं तर दोघंही म्हणत, "कुठं काय?"

"माकडं बरी," ग्लोरियाबाई भाकरी टाकता टाकता म्हणे. "ती निदान एकमेकाचं खाजवून देत्यात."

जोडायला काय वापरायचं यावर शेवटचं भांडण झालं. नॅथननं स्वतःचा रेझिनचा डबा पुढं सरकवला. मिस्तरींनी तो पायानं मागं सरकवला आणि सरस शिजवायला ठेवला. जनावराच्या कातड्याचा, जुन्या मिस्तऱ्यांचा सरस. वास असा, की बनुबाईंच्या गाईनं दूध कमी दिलं असं बनुबाईंचं म्हणणं आहे.

"पप्पा, सरस पाण्यात विरघळतो."

"माझ्या बापानं. ह्याच्यावर. पाळणे जोडले."

"पाळणे पाण्यात सोडले होते का त्यांनी?"

शहाण्या माणसाला थांबायची हीच जागा होती. मिस्तरी थांबले नाहीत. जवसाच्या तेलाचा हात फिरवला, आणि झालं, म्हणाले.

आवर्तन सुटलं. पाट जिथं एक पायरी उतरतो तिथं पाणी खाली आपटून पुन्हा वर उसळतं आणि ती उसळी जागची हलत नाही. घरच्या घरी लाट. पाटकरी गोरक्षनं आधी "मिस्तरी, माझी नोकरी घालवता का?" म्हणून कपाळाला हात लावला, मग स्वतःच दोर आणला. नॅथनच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक गोरक्ष आणि मिस्तरींच्या हातात. काठावर निम्मी सोनई.

नॅथन फळीवर पालथा पडला. फळी तरंगली. मिस्तरींनी दोर सोडून मिशीला हात लावला. नॅथन गुडघ्यावर आला. तरंगली. तो उभा राहायला लागला, आणि पहिल्यांदा कडेचा एक दांडा सुटून निघून गेला, मग दुसरा, मग सगळ्याच दांड्यांना एकमेकांचा कंटाळा आला. नॅथन पाण्यात, दांडे श्रीखंडाच्या लाकडी चमच्यांसारखे रांगेनं पाटातून पुढं.

कुणीच हसलं नाही. ग्लोरियाबाई तिथं उभी होती ना.

संध्याकाळी नॅथनची बॅग दारात आली. मिस्तरी शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. खिळा नाही, हातोडी नाही. आणि तिथं बसल्या बसल्या त्यांना दिसलं, की नॅथन पाटाच्या कडेनं खाली जाऊन ते सगळे दांडे गोळा करून आलाय. खांद्यावर भारा. एकेक दांडा तो पत्र्यावर वाळत घालतोय आणि घालायच्या आधी अंगठ्यानं दाबून बघतोय. दाबलेलं परत वर येतंय का, ते.

मिस्तरींनी हाक मारली नाही. उठून चहाच्या टपरीवर गेले. तिथं अस्मादिक, म्हणजे ही गोष्ट सांगणारा मीच, मिस्तरींचाच आवाज काढून गिऱ्हाइकांना हसवत होते.

"हसा," मिस्तरी म्हणाले. "पोरगं. जानार न्हाई. पैज लावता?"

बॅग दारात आलेली सगळ्यांनी पाहिली होती. पत्र्यावरचे दांडे कुणी पाहिले नव्हते. अस्मादिकांनी उड्या मारत पैज घेतली. हरेल त्यानं पाथर्डीहून पुढच्या फळीचे दांडे आणायचे.

सकाळी नॅथननं दांडे खाली काढले, रेझिनचा डबा स्वतः उघडला आणि बापापुढं ठेवला.

"आतलं हाड तुमचं. वरची कातडी माझी. एकच पातळ थर, तोही बाहेर लिंबाखाली, तोंडाला मास्क लावून. कबूल?"

मिस्तरींनी डब्याचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. सरसाच्या पातेल्याकडे एकदा बघितलं.

"कबूल."

आवर्तन संपायच्या आत नॅथन पुन्हा पाटात उतरला. पालथा, गुडघ्यावर, उभा. पाणी खालून ढुशा देत होतं आणि तो हात पसरून जागच्या जागी डुलत उभा होता, फळी एकसंध. गोरक्ष नोकरी विसरून शिट्ट्या मारत होता. मिस्तरींनी दोर धरून ठेवला, पण दोराला ताण नव्हताच.

"मग," बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कितीची?"

"कुठली गाडी? हिला खालून शेपटी बसवायचीय. आणि पप्पा, हिचं पुढचं नाक फार जाड ठेवलंय तुम्ही."

"नाक. बरोबर. हाय."

"जाड आहे!"

ग्लोरियाबाईनं बॅग उचलून आत नेली आणि तिच्यात गहू भरून ठेवला, म्हणजे पुन्हा कपडे भरायला ती मोकळी सापडायला नको.

अस्मादिक त्याच आठवड्यात पाथर्डीच्या जीपच्या टपावरून दांड्यांचा भारा घेऊन उतरले. मिस्तरींनी भारा सोडला, एकेक दांडा अंगठ्यानं दाबला आणि दोन ढीग केले. एक लहान, एक मोठा.

"हे वाळलेले," लहान ढिगाकडे बोट करून ते म्हणाले. "ते ओले. पुन्हा जा."