भरवलेला घास

उल्हासनगरच्या एका रुग्णालयात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं मी मालिश करते. आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला जेवण, अंघोळ, साडी नेसणं पुन्हा शिकवायचं, हे माझं काम. त्यात माझे सगळ्यात मोठे वैरी म्हणजे प्रेमळ नातेवाईक. पेशंटनं हात उचलायच्या आत हे घास घेऊन तयार.

वांगणीकडची ती म्हातारी लकव्यानं उजवी बाजू गेली म्हणून आली होती. जन्मभर भातशेती केलेली, ताठ बाई. सून भरवायला लागली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. "मी काय तान्हं पोर हाय?" म्हणायची. तिला एकच हवं होतं, आपल्या हातानं जेवायचं. मी म्हटलं, डावा हात धडधाकट आहे, तो वापरा. जणू मी तिला शेण खायला सांगितलं होतं! "डाव्या हातानं? त्यापरीस उपाशी मरेन."

मग मीही हट्टाला पेटले. उजव्या तळव्याला पट्ट्यानं चमचा बांधला, डाव्या हातानं कोपराला खालून आधार द्यायला शिकवलं. भात मांडीवर सांडायचा, गालाला लागायचा. मध्ये पडलीस तर वॉर्डाबाहेर काढीन, असा सुनेला दम भरला होता. एका दुपारी चमचा थेट तोंडात गेला. शेजारच्या खाटेवरची सिंधी बाई ओरडली, "अरे वाह, अम्मा!" म्हातारी हसली आणि ताट संपेपर्यंत कुणाशी बोलली नाही. घरी रोज असंच जेवायचं, हात पडून राहिला तर बोटं आखडतील, असं बजावून मी त्यांना निरोप दिला.

त्यानंतर बरेच दिवस त्या फिरकल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हातारीची उजवी मूठ छातीशी घट्ट आवळलेली. माझं डोकंच फिरलं. मी सुनेवर तोंड सोडलं.

"तिला नका बोलू, म्याडम," म्हातारी म्हणाली आणि झालेलं सांगू लागली.

घरी ती ओटीवर बसून जेवायची. भेटायला येणारे बघायचे, म्हातारी धडपडतेय, भात सांडतोय आणि सून नुसती समोर बसलीय. सासूला घास भरवायला हिचे हात झिजतात का, असं गावभर झालं. सुनेच्या माहेरपर्यंत बोलणं गेलं. आजारी माणसाला भरवणं हीच आपल्याकडे सेवा. मी वॉर्डात कितीही तोंड वाजवलं, तरी त्या ओटीवर माझं कोण ऐकणार? शेवटी म्हातारीनं चमचा बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर सुनेकडून भरवून घेतलं. तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

"मी खाल्लं काय, हिनं भरवलं काय, पोट भरतंच ना," ती म्हणाली. ते खोटं होतं आणि आम्हा तिघींनाही ते माहीत होतं.

सुनेनं पिशवीतून चमचा आणि पट्टा काढला. "आई, इथं आपल्या गावचं कोणी नाही. इथं जेवा तुम्ही."

मी मूठ उघडायला गेले. बोटं हलेनात. जरा जोर लावला तशी म्हातारी कळवळली. मी हात सोडला. सून पट्टा धरून माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी करीन, असं तिला वाटत होतं.