जावयाच्या आडनावाचा अर्थ

काल सकाळी डिशवॉशर रिकामा केला, कुकर लावला आणि लायब्ररीतून आणलेलं इंग्रजी आडनावांचं पुस्तक उघडलं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी असंच काहीबाही वाचत असते. माझ्या मुलीचं, रेवाचं, या आठवड्यात लग्न आहे. होणारा जावई बेन मूळचा इंग्लंडचा, आडनाव विडोसन. म्हटलं, बघू तरी अर्थ काय.

विधवेचा मुलगा!

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मला कळलंच नाही. मैत्रिणींनो, आमच्या गावात भांडणात याच अर्थाची शिवी देतात. रेवाचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी कुणाच्या हळदीला हात लावलेला नाही. रेवालाही पहिली हळद शेजारच्या सुमनताई लावणार, असं मीच ठरवलं होतं.

दुपारी बेन आला. मी दबकतच विचारलं, "तुझ्या आडनावाचा अर्थ माहीत आहे?"

"हो, आई. शेकडो वर्षांपूर्वी कुणा बाईने एकटीने मुलगा वाढवला. गाव त्याला तिच्यावरूनच ओळखायचं. आम्ही अजून तेच नाव लावतो."

"लाज नाही वाटत?"

"कशाची?" त्याला माझा प्रश्नच कळेना.

रेवा म्हणाली, "आई, आय लव्ह दॅट नेम. मीपण तेच लावणार आहे."

मला रात्रभर ते 'कशाची?' ऐकू येत होतं. तुमच्यापैकी कितीजणी अशा आपणहून मागे उभ्या राहता?

आज सकाळी मी सुमनताईंच्या हातातली वाटी घेतली आणि रेवाला पहिली हळद लावली.