लाल दोऱ्याची खुरपी

"वरून हिरवं दिसतंय ना? मग खाली नक्की भानगड आहे," म्हणत काका कुंडी उचलायचे आणि तिच्या बुडाचा वास घ्यायचे. कोलशेतच्या आमच्या प्रयोगशाळेत रोपं सांभाळणारा हा खडवलीचा माणूस. असा एखादा संशयी तुमच्याही ऑफिसात असेलच. आमचे काका चहासुद्धा आधी हुंगायचे. "पावडरचा आहे," म्हणायचे आणि दोन कप प्यायचे.

पाइनची रोपं एसीच्या खोलीत होती. अर्ध्या रोपांच्या मुळांना आम्ही मुद्दाम बुरशी लावलेली, अर्धी निरोगी. बुरशी मुळाला भिडली की झाडातली बचावाची जनुकं जागी होतात, पानं पिवळी पडण्याच्या कितीतरी आधी. तेच आम्ही तपासत होतो. आजारी रोपांच्या खुरपीला काकांनी लाल दोरा बांधलेला, निरोगी रोपांच्या खुरपीला पांढरा. कोणाला हात लावू देतील तर शपथ!

"साहेबांचापण भरवसा नाय. तू घे, बाय. तुझ्यावर डाउट नाय."

खंडेनवमीला सगळे लवकर सटकले, टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला. अवजारांची पूजा माझ्या गळ्यात पडली. मला हौस दांडगी! मळके दोरे कापले, खुरप्या साबणाने घासल्या, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. सुट्टीनंतर नवे दोरे बांधले, अंदाजाने.

"कुठली कुठल्याची, नीट बघितलंस ना?" काकांनी विचारलं.

"हो."

ते खुरप्या घेऊन कामाला लागले. दुसरं कोणी असतं तर तासभर उलटतपासणी झाली असती.

महिन्याभराने निरोगी रोपांतही जनुकं जागी झालेली निघाली. साबणाने बुरशी मेली नव्हती, आणि आजारी रोपांची खुरपी पांढऱ्या दोऱ्याने निरोगी कुंड्यांत फिरली होती. सगळी मेहनत पाण्यात. साहेबांनी काकांनाच धरलं, "दिवसभर कुंड्यांत बोटं घालता तुम्ही!" मी मान खाली घालून उभी. सांगायला लाज वाटते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं.

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्यासमोरच काकांना स्पीकरवर फोन लावला. "परत या. चूक हिची होती, हिने कबूल केलंय."

काका म्हणाले, "पोरीला दमात घेऊन वदवलंत ना, साहेब? मी नाय येत. तिच्या नोकरीला हात लावू नका."

"काका, अहो खरंच मीच..."

"गप गं, बाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते परत आले नाहीत. आता कुंड्या मी हुंगते, दोरे दिवसातून दोनदा तपासते. कोणी म्हणालं, "तुझ्यावर विश्वास आहे," की मला धडकीच भरते.