माझ्या बाबांचा मेंदू आम्ही जाळला

तळवलीच्या नाक्यावर काल लागलेला बॅनर साफ खोटा आहे.

त्यावर माझ्या बाबांचा फोटो आहे. खाली लिहिलंय, "मरणोत्तर मेंदूदान करणारे आमचे लाडके काका, प्रथम पुण्यस्मरण."

बाबांनी मेंदूदान केलं नाही. त्यांना करायचं होतं. आम्ही करू दिलं नाही.

बॅनर माझ्या चुलतभावाने लावलाय, भरतने. त्याला नगरसेवक व्हायचंय, म्हणून बाबांपेक्षा त्याचाच फोटो मोठा. सकाळपासून चार जणांनी मला तो बॅनर पाठवला, वर "प्राउड ऑफ युवर फादर". डोक्यात गेलंय माझ्या. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा एका मेडिकल कॉलेजमध्ये अॅनाटॉमीला टेक्निशियन होते. लोकांनी दान केलेले मेंदू नीट टिकवून ठेवायचे, पोरांना शिकायला आणि रिसर्चला. पस्तीस वर्षं हेच काम.

लहानपणी मी विचारायचे, म्हणजे नक्की करता काय हो तुम्ही?

"बाय, ताजा मेंदू दह्यासारखा असतो. भांड्यात नुसता ठेवला तर आपल्याच वजनानं चपटा व्हतो. म्हनून खालच्या शिरेत दोरा अडकवायचा आनि फॉर्मलिनच्या बादलीत टांगायचा. मंग काही आठवडे हात नाय लावायचा."

हे ते जेवताना सांगायचे. आई आपलं ताट उचलून आत जायची.

फर्स्ट इयरची पोरं आली की त्यांचा एकच नियम. आधी नमस्कार, मग हात. कोणी दात काढले तर सरळ बाहेर. टेक्निशियन डॉक्टरांच्या पोरांना बाहेर काढतोय आणि प्रोफेसर गप्प बसलेत, एवढा वट होता बाबांचा.

रिटायर झाले आणि हात थरथरायला लागले. पार्किन्सन्स. आयुष्यभर बारीक दोरे बांधलेल्या माणसाला शर्टाचं बटण लागेना.

मी रडले. ते कॉलेजमध्ये जाऊन स्वतःचाच फॉर्म भरून आले.

"मेंदूच्या आत एक काली पट्टी असते. या आजारात ती पुसट व्हते. पोरं पुस्तकात बगतात, माझ्यात खरी बगू दे."

मग म्हणाले, "आई तर गेली. आता सही तुजीच लागंल. डगमगू नको."

मी म्हटलं, "टेन्शन नका घेऊ बाबा."

काय तोंड वर करून बोलले होते मी.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळी, कोपरखैरण्याच्या घरी ते गेले. मी पहिला फोन कॉलेजला केला. डिपार्टमेंटच्या मॅडम म्हणाल्या, लगेच निघतो, काही तासांतच काढावा लागतो. चेहऱ्याला काही होत नाही, दुपारपर्यंत त्यांना परत आणून देऊ.

दुसरा फोन आप्पांना केला. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, भरतचे वडील. ते आमच्या गावाहून, तळवलीहून, वीस माणसं घेऊन आले.

"डोकं रिकामं करून जालनार त्याला? चितेवर कवटी फुटते तवा जीव सुटतो. आत कायच नसंल तर सुटनार काय?"

"आप्पा, त्यांची स्वतःची इच्छा होती. फॉर्म आहे हा."

"फॉर्म ठेव तुज्याकडं. गाडीत घातलास त्याला, तर तलवलीचा एक मानूस खांद्याला येनार नाय. मंग बग कोन नेतंय तुज्या बापाला."

मी महापेला कंपनीत टीम सांभाळते. क्लायंटला उभं-आडवं झापते. त्या दिवशी मी फॉर्मची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

डोळ्यासमोर एकच आलं. तिरडी बांधलेली आहे आणि उचलायला कोणी नाही. बाबांचं सगळं आयुष्य माणसांत गेलं, शेवटी एकटे कसे जातील?

हे मी वर्षभर स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे मी घाबरले. बस.

खाली अॅम्ब्युलन्स आली होती. भरत आणि त्याच्या मित्रांनी तिच्यापुढे बाइक आडव्या लावल्या होत्या. हो, तोच भरत, बॅनरवाला.

मी गेटवर गेले आणि मॅडमना म्हटलं, "सॉरी, घरचे नाही म्हणतायत."

घरचे कोण? सही एकटीची माझी लागणार होती.

दुपारी चार वाजता कवटी फुटल्याचा आवाज आला. आप्पांनी हात जोडले, म्हणाले, "सुटला." सगळे आंघोळीला घरी गेले. जी पट्टी पोरांना दाखवायची म्हणून बाबा एवढे हौसेने फॉर्म भरून आले होते, तिची राख झाली.

आप्पा, तुमच्यावर राग आहेच. पण तुम्ही तुमच्या समजुतीप्रमाणे वागलात, नंतर खोटं तरी बोलला नाहीत.

भरत, तुला मात्र सोडणार नाही. ज्याला दान करू दिलं नाहीस त्याच्याच दानावर मतं मागतोस? संध्याकाळपर्यंत बॅनर उतरव, नाहीतर मी स्वतः येऊन फाडते. पोलिसात जायचं तर जा.

आणि तुम्ही सगळे, प्लीज खाली "ग्रेट सोल" वगैरे लिहू नका. एक गोष्ट अजून कोणालाच सांगितलेली नाही, ती वाचा.

गेटवर मला वाटलं होतं, मॅडम माझ्यावर चिडतील. वेळ कमी आहे, त्यांची शेवटची इच्छा आहे, असं काहीतरी सुनावतील. त्यांनी तसं केलं असतं तर कदाचित मला धीर आला असता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "काकांनीच आम्हाला शिकवलंय. घरच्यांनी नाही म्हटलं की वाद घालायचा नाही. हात जोडायचे आणि परत यायचं. त्यांचं माणूस गेलेलं असतं."

मग त्यांनी मला हात जोडले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेल्या.

बाबा, त्या दिवशी तुमच्या बाजूने भांडायचं काम एकट्या माझं होतं.

मी भांडले नाही.

तुमची माफी मागून, श्रद्धांजली.